घरी राहून शिकणारी मोठी पोरं आणि त्यांचा अभ्यास : तुमचे अनुभव लिहा

बाळीवेस

माझ्या बहिणीचा मुलगा नववीत आहे. गेल्या महिन्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत शाळेत पाठवू नका म्हणून सांगितलंय. वर्गशिक्षिका फार चांगल्या आहेत, रोज व्हॉट्सअॅपवर फळ्याचे फोटो टाकतात. परवा भेटायला गेले तेव्हा हा पलंगावर पाय लांब करून फोटोतलं वहीत उतरवत होता. अक्षर सुरेख, खाली पट्टीने रेघ. मी सहज विचारलं, जडत्व म्हणजे काय रे? तर त्याने पानं उलटायला सुरुवात केली. ताई म्हणाली, "दिवसभर बसतोय गं, पण आत काय जातंय ते मला कळत नाही."

त्यावरून कोरोनाच्या टाळेबंदीचं २०२० साल आठवलं. माझी मुलगी त्या वर्षी नववीतून दहावीत गेली. घर दोन खोल्यांचं, फोन ह्यांचा, सकाळचे तास त्यावरच. वर्गात असताना मास्तर नुसतं तोंडाकडे बघून ओळखतात की पोराला कळलं नाही. घरात ते बघणारं कुणी नव्हतं. मी चौकशी करायचे, 'झाला का अभ्यास?', ती 'झाला' म्हणायची, आणि ते खरंही असायचं, कारण वाचून झालेलं असायचं.

तिला ज्याने फरक पडला ती गोष्ट एकदम साधी. घरात जुनी दगडी पाटी होती. रात्री जेवणं झाली की पुस्तक मिटायचं आणि आज जे वाचलं त्यातलं आठवेल तेवढं पाटीवर लिहायचं. कुणी तपासायचं नाही, गुण नाहीत. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते तिनेच बघायचं आणि पाटी पुसून टाकायची. जे राहिलं तोच उद्याचा पहिला अभ्यास. वहीत चुकलं की पान खराब होतं, म्हणून ती वहीत बिचकत लिहायची. पाटीवर बिनधास्त. आपल्याला काय येत नाही हे तिचं तिलाच कळायला लागलं, आणि त्यानंतर मला मागे लागावं लागलं नाही.

भाच्यासाठी हेच सांगून आले. पण प्रत्येक पोर वेगळं. तुमच्या घरी त्या दोन वर्षांत, किंवा आजारपणात, १७ नंबरला (शाळेत न जाता बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला) बसवताना, कशानेही पोर घरी राहिलं असेल तर काय उपयोगी पडलं ते लिहा. सातवी ते बारावीतलं सांगा, बारक्यांचं वेगळं असतं.

शेंगाचटणी

एक फोन, दोन पोरं. ह्यांना मार्केट यार्डात जायचं असलं की शाळा बंद. मग मोठ्याने (तेव्हा आठवी) स्वतःच एक काढलं. तास चालू असताना वहीत फक्त प्रश्न लिहून घ्यायचा, उत्तर नाही. 'लोखंड गंजतं तसं सोनं का गंजत नाही' असला. तास संपला, फोन गेला, की पुस्तकातून आपल्याच प्रश्नांची उत्तरं शोधत बसायचा. सर बोलताना सगळं लिहून घ्यायच्या नादात ऐकणं राहून जायचं, ते थांबलं.

धाकटीला टीव्हीवर सह्याद्री वाहिनीची टिलीमिली ही अभ्यासाची मालिका. पहिली ते आठवीचं होतं ते, जुलै २०२० ला सुरू झालं. मोठा म्हणायचा ते बारक्यांचं आहे, पण जेवताना डोळे तिकडेच.

कुकर लावलाय, नंतर लिहिते. भाच्याचा कुठला पाय?

बाळीवेस

डावा. फिजिओवाल्या मॅडम रोज येतात.

शेंगाचटणी

मग बरंय. माझ्या जावेच्या मुलाचा उजवा होता, व्यायाम टाळला तर गुडघा वाकेना. रडला तरी करून घ्या म्हणावं ताईला.

पूर्वभाग

आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी. आम्ही सोलापुरात दत्तनगरच्या बाजूला. मुलगा दहावीला होता. मला शिक्षण सातवीपर्यंत, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात, अभ्यास घेणार कोण? सासूबाई दिवसभर विड्या वळत बसायच्या. सूप मांडीवर, पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, हात थांबत नाहीत पण कान मोकळे. मुलगा एकदा त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचत होता, तर त्या म्हणाल्या, मला कळेल असं सांग की रे.

आता अव्वांना (म्हणजे सासूबाईंना) मराठी बोलायला येतं, पण विज्ञानाच्या पुस्तकातलं नाही. मग तो तेलुगूत सांगायला लागला. गुरुत्वाकर्षण, मग ते आवर्ती सारणी, मग इतिहास. पुस्तकातलं वाक्य तसंच्या तसं म्हणता येईना, कारण भाषाच वेगळी. मधेच त्या विचारायच्या, "एंदुकु?" का म्हणून? उत्तर आलं नाही की हा उठून पुस्तक बघायचा आणि परत येऊन सांगायचा. चंद्र खाली का पडत नाही ह्यावर दोघांचं दोन संध्याकाळी चाललं होतं. त्या हसून म्हणायच्या, तुझं तुला कळलं की मला कळतं.

आज तो डिप्लोमा करून चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. अव्वा गेल्या वर्षी गेल्या. त्यांना सही करता येत नव्हती, पण माझ्या पोराची दहावी त्यांनी करून घेतली हे मी कुणालाही सांगेन.

सीनाकाठ

अक्का, वाचून अंगावर काटा आला. अव्वांना नमस्कार.

चाळीसफुटी

खरंय अक्का. आमच्या गल्लीत पण कन्नड, तेलुगू, मराठी, उर्दू सगळी पोरं एका कट्ट्यावर. बाय द वे चिंचोळीत कुठल्या कंपनीत? माझा भाऊ पण तिकडेच आहे.

खडूफळा

मी मोहोळ तालुक्यात हायस्कूलला शिकवतो, विज्ञान आणि भूमिती. बाळीवेस ताईंनी पाटीचं लिहिलंय आणि पूर्वभाग अक्कांनी आजींचं. दोन्ही वाचून फार आनंद झाला, कारण ह्यामागे पक्का आधार आहे. थोडं सविस्तर लिहितो.

जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सगळ्यात झपाट्याने विसरतं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. आणि अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक ह्या दोघांचा २००६ चा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे स्पष्ट पुढे. घरी बसलेल्या पोराची हीच गफलत होते. पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की 'येतंय' असं वाटतं. ते खोटं बोलत नसतं. त्याला खरंच तसं वाटत असतं.

म्हणून मी माझ्या वर्गाला तेव्हा एकच सांगायचो, धडा संपला की पुस्तक पालथं घाल. त्याच दिवशी एकदा आठवून लिही, दोन-तीन दिवसांनी परत, आठवड्याने परत, मग महिन्याने. दर वेळी दहा मिनिटं पुरतात.

शेंगाचटणी ताईंच्या मुलाने जे स्वतः शोधलं ते तर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक ह्यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या टिपणपद्धतीच्या फार जवळ जातं. पानाच्या डाव्या बाजूला जागा सोडायची, तिथे प्रश्न, उजवीकडे टिपण. मग उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. आठवीतल्या पोराला हे आपसूक सुचलं, त्याचं कौतुक करा.

२०२१ ला ज्यांची दहावीची परीक्षा रद्द झाली त्या बॅचबद्दल लोक अजून टोचून बोलतात की बिनपरीक्षेचे पास. मला ते सहन होत नाही. २०२१ चा निकाल नववीचे ५० गुण, दहावीच्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिक-अंतर्गतचे २० असा लागला. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा तर २०२० च्या टाळेबंदीत झालीच नव्हती, पहिल्या सत्रावरच निकाल लागला होता. १६ जुलैला निकाल आला, ९९.९५ टक्के. ह्यात पोरांनी काय मागितलं होतं? कित्येकांना परीक्षा द्यायची होती.

तेव्हाचीदहावी

सर, शेवटच्या परिच्छेदासाठी तुम्हाला मनापासून धन्यवाद. मी त्याच बॅचची. आता पुण्यात बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हॉस्टेलवरून लिहितेय, उद्या सबमिशन आहे तरी लिहितेय.

२० एप्रिल २०२१ ला परीक्षा रद्द झाल्याचं कळलं तेव्हा माझ्या मैत्रिणी रडल्या होत्या. मग म्हणाले अकरावीसाठी सीईटी होणार, २१ ऑगस्टला. परत पुस्तकं काढली. ती पण १० ऑगस्टला हायकोर्टाने रद्द केली. प्रत्येक वेळी कशासाठी वाचायचं हेच हातातून जायचं. मोठी माणसं म्हणायची, आता मजा आहे तुमची. मजा नव्हती हो.

उपयोगी काय पडलं ते सांगते. आम्ही चार मैत्रिणी रात्री ८ ला कॉल लावायचो. कॅमेरा बंद, माइक बंद, २५ मिनिटं प्रत्येकीने आपापला अभ्यास, मग ५ मिनिटं माइक चालू आणि गप्पा. परत २५. (पुढे कॉलेजात कळलं की ह्याला पोमोडोरो म्हणतात, सिरिलो नावाच्या इटलीतल्या माणसाने १९८० च्या दशकात स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून सुरू केलेलं.) पलीकडे कुणीतरी बसलंय एवढ्यानेच उठावंसं वाटायचं नाही.

दुसरं म्हणजे चुकांची वही. बरोबर आलेलं त्यात काहीच नाही. चुकलेलं गणित, आणि खाली एका ओळीत का चुकलं. 'चिन्ह विसरले', 'प्रश्न नीट वाचला नाही', 'सूत्रच येत नाही'. महिनाभराने ती वही चाळली तर अर्ध्याहून जास्त ठिकाणी 'प्रश्न नीट वाचला नाही'. मी समजत होते माझं गणित कच्चं आहे. तसं नव्हतंच. बोर्डाची परीक्षा झाली नाही, पण ती वही मला बारावीला, पुढे एमएचटी-सीईटीला सगळीकडे कामी आली. भाच्याला ही वही आजपासून सुरू करायला सांगा.

पत्र्याचंघर

आमच्याकडे खरं भांडण वेळेवरून. आजोबांचं म्हणणं पहाटे पाचला उठून वाचलं तरच डोक्यात राहतं. पोरगी सोळाची, रात्री अकराशिवाय झोप नाही आणि पहाटे उठवली की पुस्तकावर डुलक्या. रोज सकाळी घरात आरडाओरडा.

आमच्या डॉक्टरांनी समजावलं. ह्या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे पोरं आळशीपणाने जागत नाहीत. आणि तेरा ते अठराच्या वयाला आठ ते दहा तास झोप हवीच, दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच सांगितलंय की मोठ्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नये. आजोबांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं तेव्हा पटलं.

मग वेळ अशी बसली. सकाळी सातला उठणं, नऊ ते साडेअकरा गणित-विज्ञान, म्हणजे पत्रा तापायच्या आत. दुपारी बारा ते चार आमच्या घरात माणूस बसू शकत नाही, एप्रिल-मेत बाहेर ४३-४४ आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. त्या वेळात अभ्यासाचं नावच काढायचं नाही. ओलं फडकं पसरून झोप, नाहीतर चिंचोके खेळणं. संध्याकाळी गच्चीवर, शेजाऱ्यांची स्लॅबची आहे, तिथे भाषा आणि इतिहास. ज्या दिवशी नळाला पाणी त्या दिवशी वेळापत्रक माफ, कारण आठवड्याचं भरायचं तर घरातले सगळे हात लागतात. तिने स्वतःच 'पाण्याचा दिवस' म्हणून वहीत वेगळा रकाना पाडला होता, त्यात हलका अभ्यास, नकाशा भरणं वगैरे.

सोलापुरातल्या वेळापत्रकात ऊन आणि पाणी धरलं नाही तर ते दोन दिवस पण टिकत नाही बघा. पुण्या-मुंबईचे छापील तक्ते आणून भिंतीला चिकटवू नका.

बाळीवेस

पाण्याच्या दिवसाचं एक नंबर. आमच्याकडे पण पहाटे चारला येतं कधीकधी.

शेंगाचटणी

तुमच्याकडे येतं तरी ताई, आमच्याकडे परवापासून नाही. टँकरवाल्याचा नंबर आहे का कुणाकडे जुळे सोलापूरचा?

चाळीसफुटी

व्यनि (खासगी निरोप) केलाय.

जॉबर

मी पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. शिक्षण आठवी. टाइप करायची सवय कमी, समजून घ्या.

मुलगी नववीला, बीजगणित कळेना. क्लास बंद. मला तर त्यातलं काहीच येत नाही. पण मागाचं काम येतं. कापडात खोट दिसली तर आपण कापड बघत बसत नाही, ताण्यात (उभ्या धाग्यांत) धागा कुठं तुटलाय तिथपर्यंत मागे जातो. तसं तिला म्हटलं, मला गणित येत नाही, तू एकेक ओळ वाच आणि जिथं तुला कळायचं थांबतंय तिथं बोट ठेव. बोट ठेवलं तिनं. समीकरण नव्हतं ते. अपूर्णांकाचा छेद काढताना अडत होती. म्हणजे सहावी-सातवीचं.

शेजारच्या पोराकडनं सातवीचं पुस्तक आणलं. मोठी झाली म्हणून तिला लाज वाटत होती. मी सांगितलं, दार लावून कर, कुणाला सांगायचं नाही. आठवडाभर सातवीची गणितं केली. मग नववीचं आपोआप सुटायला लागलं. घरी असल्याचा हा फायदा. वर्गात सातवीचं पुस्तक काढता आलं नसतं.

आई-बापाला येत नसलं तरी शेजारी बसून 'कुठपर्यंत कळलं' एवढं विचारता येतं. एवढंच सांगायचं होतं.

खडूफळा

दादा, तुम्ही जे केलं ते मी बी.एड.ला शिकलो, आणि तरी चाळीस पोरांच्या वर्गात प्रत्येकासाठी करायला जमत नाही. मागच्या सगळ्या इयत्तांची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत, कुणाला लागली तर.

हुरडापार्टी

जॉबर दादांना सलाम 🙏

माझा मुलगा जलतरणाच्या सरावामुळे दहावी १७ नंबरच्या फॉर्मवर बसला. शाळा नाही, घंटा नाही. तिथे सगळ्यात अवघड गेलं ते 'आज काय करायचं' हे ठरवणं. पहिल्यांदा कागदावर लिहायचा : गणित, विज्ञान, इतिहास. संध्याकाळी तिन्ही अर्धवट आणि तोंड उतरलेलं. मग त्याच्या मावशीने (ती बँकेत आहे) सांगितलं की विषय लिहू नकोस, काम लिही. 'गणित' हे काम नाही. 'सरावसंच १.२ मधली पहिली चार उदाहरणं' हे काम. झालं की नाही ते निखळ कळतं, आणि त्यावर रेघ मारता येते.

रविवारी सकाळी आठवड्याचं तो लिहायचा. मी लिहायचं नाही असं ठरलं होतं. मी फक्त विचारायचे, हे खरंच होईल का? तो स्वतःच दोन कामं खोडायचा. आठवड्याच्या शेवटी किती वेळ लागेल वाटलं आणि किती लागला ते शेजारी मांडायचा. भूमितीला नेहमी अंदाजाच्या दुप्पट. पुढच्या आठवड्यापासून त्याने भूमितीला दुप्पट वेळ ठेवला. हे मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

आणि गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने नका करायला लावू. पाच ह्याची, पाच त्याची, मिसळून. सुरुवातीला चिडतात, पण परीक्षेत प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं, कुठली रीत लावायची हे ओळखायलाच शिकावं लागतं.

सीनाकाठ

१७ नंबरला प्रात्यक्षिकाचं कसं होतं? भाची बसवायचीय.

हुरडापार्टी

बोर्ड आपल्याला एक संपर्क केंद्र शाळा देतं, तिथेच जाऊन. आपला विभाग पुणे. फॉर्म ऑनलाइन भरायचा, दर वर्षी तारखा येतात, त्या चुकवू नका. केंद्र मिळालं की लगेच तिथल्या सरांना भेटून या, ओळख असली की पोराला पण धीर येतो.

होटगीरोड

सगळ्यांचं वाचतेय. मला थोडं वेगळं लिहायचंय.

माझा मुलगा त्या काळात अकरावीत होता. अभ्यासाच्या युक्त्या आम्ही पण केल्या, काही लागू पडेना. तो जेवायचा नाही, मित्रांचे फोन उचलायचा नाही, दिवसभर पांघरूण घेऊन. पब्जी हा लढाईचा मोबाइल गेम सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केला तेव्हा सगळे म्हणाले, आता सुधारेल. पण तो मुळात गेमही खेळत नव्हता तेव्हा. नातेवाईक म्हणायचे आळस आहे. माझ्या मनाला ते पटलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी नैराश्य सांगितलं, औषध आणि बोलणं दोन्ही चालू केलं. काही महिने अभ्यास पूर्ण बाजूला ठेवला. मग तो हळूहळू परत आला, सुरुवात रोज वर्तमानपत्राचं एक पान वाचण्यापासून झाली. आज नोकरीला आहे, बरा आहे.

म्हणून सांगते, पोराचं लक्ष लागत नाही म्हणजे दर वेळी अभ्यासाची पद्धत चुकीची असते असं नाही. जेवण, झोप, मित्र, आवडीची गोष्ट, ह्यातलं सगळंच सुटत असेल तर आधी ते बघा. आता सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आमच्या वेळी ती नव्हती, २०२२ ला आली.

पूर्वभाग

ताई, तुम्ही त्याला जपलंत. देव त्याला सुखात ठेवो.

तेव्हाचीदहावी

काकू, हे लिहिल्याबद्दल खूप खूप thanks नाही, मनापासून आभार. माझ्या बॅचमधल्या कितीजणांच्या घरी हे ओळखलंच गेलं नाही.

चाळीसफुटी

त्या वर्षी चांगल्या गोष्टी पण आपल्याकडेच झाल्या हे विसरू नका. नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते, कारण कामगारांच्या घरी फोनच नव्हते. पोरं येता-जाता भिंत वाचायची. मी स्वतः बघितलंय, एका भिंतीसमोर थांबून दोन पोरी एकमेकींना विचारत होत्या, एकीने पाठ फिरवलेली, दुसरी भिंतीकडे बघून प्रश्न टाकत होती. आणि माढ्याच्या परितेवाडीचे डिसले गुरुजी, डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलर, त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटली. पुस्तकातल्या क्यूआर कोडचं काम त्यांनी आधीच आपल्या शाळेत करून दाखवलेलं.

शेंगाचटणी

हो ते कोड! माझा मोठा स्कॅन करून बघायचा, पण एकदा फोनमध्ये शिरला की व्हिडिओतून व्हिडिओ. मग नियम केला, आधी प्रश्न वहीत लिहायचा, मग फोन हातात, उत्तर मिळालं की फोन फडताळात. प्रश्न नसेल तर फोन नाही. ह्याच्यावर कधी भांडण झालं नाही, कारण 'फोन बंद' असं मी म्हणतच नव्हते.

बाळीवेस

किती लिहिलंत सगळ्यांनी! ताईला सगळं वाचून दाखवलं. भाच्याला जॉबर दादांचं बोट ठेवायचं फार आवडलं, गतीच्या समीकरणात तो कुठे अडतो ते काल त्यानेच दाखवलं. v, u, a, t ही अक्षरं कशासाठी हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. फोटोत नुसती सूत्रं होती. मिस्टरांनी एसटीचं उदाहरण घेऊन सांगितलं, स्टँडवरून सुटली तेव्हाचा वेग शून्य, बाळ्याच्या पुलावर किती, मधे किती वेळ. आणि पूर्वभाग अक्का, ताईच्या सासूबाई कन्नड बोलतात. आजपासून इतिहास त्यांना सांगायचं ठरलंय.

खडूफळा सर, एक विचारायचं होतं. त्याचे प्रयोग राहतायत. प्रात्यक्षिकाच्या गुणांचं काय करायचं?

खडूफळा

आत्ताच मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून, आणि पोच घ्या. त्यात लिहा की शाळेत यायला लागल्यावर राहिलेले प्रयोग करून घ्यावेत. नववीचं मूल्यमापन शाळेच्याच हातात असतं, बहुतेक शाळा समजून घेतात. तोवर त्याला प्रयोगाची कृती वाचून 'पुढे काय होईल आणि का' हे आधी लिहून ठेवायला सांगा. मग प्रयोग करताना ते ताडून बघेल. जे प्रयोग बसून घरच्या वस्तूंत होतात ते करू द्या. हळदीचा कागद, साबण, लिंबू, एवढ्यात आम्ल-आम्लारीचं बरंच होतं.

बाळीवेस

अर्ज आजच लिहिते. मायना तपासायला तुम्हाला व्यनि करू का?

खडूफळा

करा की. संध्याकाळी सहानंतर बघतो, आता तास आहे.